बाईंचा पॉज

प्रॉम्प्टरने दिसायचं नसतं, आणि प्रेक्षकांना ऐकू तर मुळीच जायचं नसतं. मी वर्षानुवर्षं हे इमानाने पाळलं. आणि जिथे मला प्रॉम्प्टिंगला कोणी बोलावलंच नव्हतं, तिथे मात्र भर माणसांत तोंड उघडलं. एकच शब्द बोलले, आणि त्या शब्दाने एका वयस्कर अमेरिकन नटीच्या हातातलं काम गेलं. मन हलकं व्हावं म्हणून हे लिहीत नाही, ते होणार नाही हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्याबद्दल लोक आता जे समजून बसले आहेत ते खरं नाही, आणि तो समज माझ्यामुळे झाला आहे. तेव्हा त्या कोण आहेत हे कुठेतरी नीट सांगायला हवं.

आमचं घर सिंगापूरमध्ये, मरीन परेडला, एका जुन्या ब्लॉकमध्ये, भाड्याचं. नवरा आयटीत. मीही आयटीतच, पण टेस्टिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. नवऱ्याच्या मते हे काम मी फुकटातही केलं असतं.

दरवर्षी गणेशोत्सवात इथली आम्ही मराठी मंडळी एक नाटक करतो. तालमी सेंगकांगला, एकाच्या कॉन्डोतल्या, म्हणजे सोसायटीतल्या, हॉलमध्ये. नट झाडून सगळे मॅनेजर. ऑफिसातून थेट येतात, खांद्याला लॅपटॉपची बॅग, आणि पाठांतराच्या नावाने बोंब. विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर एकच, "तू आहेस ना!" आणि मी असतेच. विंगेत खुर्ची टाकून बसते आणि अख्खं नाटक हळू आवाजात म्हणते, आणि ही मंडळी ते माझ्यामागून मोठ्याने म्हणतात. आमच्या रंगमंचावर कोणी गप्प झाला तर तो ब्लँक झाला, याखेरीज दुसरा अर्थच नसतो. त्याने श्वास घेईपर्यंत माझा शब्द पोचलेला असतो. प्रयोग संपल्यावर लोक म्हणतात, "यंदा कोणी कुठे अडखळलं नाही हं!" तेव्हा मला जो आनंद व्हायचा तो त्या सगळ्या नटांना मिळूनही होत नसेल. पुढे घात केला तो याच सवयीने.

बाई मला पहिल्यांदा भेटल्या त्या घराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखाली खाण्याच्या टपऱ्या आणि मधे टेबलं. शनिवारची सकाळ होती, एकही टेबल रिकामं नव्हतं. मी कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप आणि नाटकाची संहिता घेऊन पुटपुटत बसले होते. समोरच्या खुर्चीवर एक पांढऱ्या केसांची गोरी बाई येऊन बसली. मांडीवर भलीमोठी पर्स. थोडा वेळ माझ्या ओठांकडे बघून तिने विचारलं, "कुठली भूमिका करतेस?"

"सगळ्याच," मी म्हटलं. "मी प्रॉम्प्टर आहे."

त्यांनी हातातला टोस्ट बशीत ठेवला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. परदेशात लोक माझ्याशी हस्तांदोलन करतात ते ऑफिसात, तेही चेहऱ्याकडे न बघता. इतक्या आपुलकीने माझं हे काम आजवर कोणी ऐकून घेतलं नव्हतं. "माझी सुरुवात तिथूनच झाली," त्या म्हणाल्या. "विंगेतल्या खुर्चीवरून."

मला सारखं वाटत होतं, यांना कुठेतरी पाहिलंय. व्हिसाच्या रांगेत? मुलीच्या शाळेत? शेवटी विचारलंच. त्या हसल्या. "सगळ्यांना तसंच वाटतं. विमानतळावर लोक मला विचारतात, तुम्ही आमच्या शाळेत होतात ना?"

शाळेत नव्हत्या. त्या टीव्हीत होत्या. अमेरिकेतल्या कुठल्याशा शेतीवाडीच्या गावात वाढल्या, वडिलांचं धान्याचं गोदाम होतं. नायिका व्हायचं म्हणून विशीत शहरात आल्या. तिथे पहिल्याच वर्षी एका माणसाने त्यांना सांगितलं, तुझा चेहरा चांगला आहे, पण तो शेजारणीचा आहे. बाई त्या रात्री खूप रडल्या आणि दुसऱ्या आठवड्यात शेजारणीचं काम केलं. मग जन्मभर तेच. नर्स, घरमालकीण, लायब्ररीतली बाई, न्यायाधीश, मिठाई विकणारी, कुत्रं हरवलेली. तिशीत असताना स्वतःपेक्षा वयाने मोठ्या नटाची आई झाल्या. नर्सचं काम इतक्यांदा केलं की शेजारच्यांच्या मुलाला लागलं तर पट्टी बांधायला त्यांनाच हाक मारायचे. आणि मेल्या तर कितीतरी वेळा. पलंगावर, अंगणात, एकदा तर मालिकेच्या पहिल्याच मिनिटाला, तोंडसुद्धा नीट दिसलं नाही.

त्यांच्या भूमिकांना नावं नसायची. श्रेयनामावलीत 'नर्स', 'शेजारीण', 'दुसरी बाई' असंच यायचं. पण नाव नसलं तरी प्रत्येक भूमिकेला त्या पर्स देत. म्हणजे खरीखुरी पर्स, आणि तिच्यात त्या बाईच्या असतील अशाच वस्तू. नर्सच्या पर्समध्ये खोकल्याच्या गोळ्या आणि घरी नेण्यासाठी रुमालात बांधलेला केक. न्यायाधीशबाईंच्या पर्समध्ये दुसऱ्या चपला. ती पर्स कॅमेऱ्यासमोर कधी उघडली जात नसे. मी म्हटलं, "मग उपयोग काय?" त्या म्हणाल्या, "मला माहीत असतं ना, आत काय आहे ते."

आपल्याकडे रंगभूमीवरच्या मोठ्या नटीला 'बाई' म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते भारी आवडलं. तेव्हापासून मी त्यांना बाईच म्हणते. त्यांचे यजमान सेटचे सुतार होते, ते वारल्यावर लेकीने त्यांना इकडे आणलं. लेक इथल्या बँकेत मोठ्या पदावर, लग्न केलेलं नाही, समुद्राकडे तोंड असलेल्या कॉन्डोत बाराव्या मजल्यावर घर. मुलगी म्हणून ती वाईट नाही. आईला काही कमी पडू देत नाही. फक्त घरी नसते.

मग दर गुरुवारी संध्याकाळी मी बाईंकडे जाऊ लागले. हल्ली अमेरिकेतसुद्धा काम मिळवायला तिथे जावं लागत नाही म्हणे. एजंट प्रसंग पाठवतो, नटाने तो घरीच मोबाइलवर चित्रित करून धाडायचा, त्याला टेप म्हणतात. समोरच्या पात्राची वाक्यं म्हणायला कॅमेऱ्याशेजारी कोणीतरी बसावं लागतं. बाईंकडे ते कोणीतरी मी झाले. पांढरी भिंत, खिडकीतला उजेड, पुस्तकांच्या चळतीवर उभा केलेला मोबाइल, त्याच्या बाजूला मी. कधी पोलीस, कधी सून, कधी डॉक्टर. माझे उच्चार पुण्याचे. बाई म्हणत, "तू कोरडं वाच. अभिनय मी करते."

कधीकधी बाई अडायच्या. सत्तरी केव्हाच उलटलेली, आणि समोर नट नाही, मी. मी सवयीने लगेच शब्द टाकायचे. त्या थांबायच्या, हसायच्या, आणि पुन्हा पहिल्यापासून घ्यायच्या. एकदा मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे बघ, मला शब्द हवा असेल तर मी तुझ्याकडे बघेन. मी बघितलं नाही तर देऊ नकोस." मी बरं म्हटलं. पुढच्या गुरुवारी पुन्हा दिला. जीभ चावली, माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला. हे मी आता इतकं स्वच्छ आठवून लिहिते आहे, तेव्हा मात्र ते एका कानाने ऐकलं होतं. मला मनातून वाटत होतं, म्हातारं माणूस आहे, विसरतं, कबूल करायला लाजतं. मी मदत करते आहे. मदत करणाऱ्या माणसाला ऐकू कमी येतं.

टेप पाठवायचो आणि उत्तर यायचं नाही. बाईंना त्याचं काही वाटत नसे, निदान तसं दाखवत नसत. "जन्मभर शंभर ठिकाणी जाऊन एका ठिकाणी होकार मिळवलाय," म्हणायच्या. पण एका गुरुवारी दार उघडलं तेच हातात कागद घेऊन. एका अमेरिकन मालिकेचं शूटिंग सिंगापूरमध्ये होणार होतं. त्यांना एक म्हातारी अमेरिकन आई हवी होती, इथल्या इथे मिळाली तर बरं. प्रसंग दोनच. पण त्या आईला नाव होतं. बाईंनी त्या नावावर बोट ठेवून मला दाखवलं. इतक्या वर्षांत नाव असलेली भूमिका त्यांना मिळण्याची ही दुसरी की तिसरी वेळ होती, आणि आधीच्या खेपेला प्रसंग कापला गेला होता.

गोष्ट अशी होती. त्या आईचा मुलगा सिंगापूरमध्ये नोकरीला होता, तो अचानक गेला. आई त्याचं सामान न्यायला त्याच्या फ्लॅटवर येते. मुलाचा मित्र तिच्या हातात खोकं देतो. त्यात इतर वस्तूंबरोबर एक छोटा दिवा असतो. तो बघून ती बोलते, "लहानपणी त्याला अंधाराची भीती वाटायची. मी त्याच्या खोलीत हा दिवा लावून ठेवायचे. तो मोठा झाला, कॉलेजात गेला, घर सोडून गेला, तरी मी लावत राहिले." आणि मग, "आता विझवला तरी चालेल."

टेपमध्ये मित्राची वाक्यं मी वाचली. 'लावत राहिले'नंतर बाई थांबल्या, आणि मी 'आता' दिला. त्यांनी काही न बोलता पुन्हा केलं. या खेपेला त्या थांबल्याच नाहीत, सरळ म्हणून टाकलं. तीच टेप गेली, आणि काम मिळालं.

बाई त्या दिवसांत वेगळ्याच दिसायच्या. पर्स भरत होत्या. नाटकातल्या नव्हे, मालिकेतल्या त्या लेकाच्या लहानपणीचा म्हणून एक मोजा त्यांनी माझ्या मुलीचा मागून नेला. विमानाच्या तिकिटाचा तुकडा, डोकेदुखीच्या गोळ्या, हॉटेलातून उचललेला साबण. हॉकर सेंटरला, बसमध्ये, लिफ्टमध्ये पाठांतर चालू. मी ते त्यांच्याकडून म्हणून घ्यायचे. एकदा मी घरी वैतागून म्हटलं, "दोन प्रसंगांसाठी किती ते!" तर आमची कन्या, जिला तिच्या शाळेने मराठीतून उत्तर द्यायचं विसरायला लावलंय, म्हणाली, "आई, युवर अंकल्स डोन्ट इव्हन लर्न वन लाइन, लाह." अंकल म्हणजे आमचे मॅनेजर नट, आणि 'लाह' हे इथल्या प्रत्येक वाक्याचं शेपूट. मी तिला गप्प बस म्हटलं.

शूटिंग तोआ पायोहला होतं, एका जुन्या ब्लॉकमधल्या फ्लॅटमध्ये. वयस्कर कलाकाराबरोबर एक माणूस चालेल, असं त्यांनी कळवलं. बाईंच्या लेकीला मीटिंग होती. मी रजा टाकली आणि मिरवत गेले. हो, मिरवतच. नवऱ्याला सांगितलं, ऑफिसातल्या दोघींना सांगितलं.

छोटासा फ्लॅट आणि त्यात ती गर्दी. आवाज येतो म्हणून पंखे बंद, एसी बंद, फ्रिजसुद्धा बंद. ध्वनीवाल्या माणसाने आपल्या घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवल्या, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायला विसरायला नको. मला ही युक्ती फार आवडली, कोणाला तरी सांगायची म्हणून मी ती मनात ठेवली. मला स्वयंपाकघराच्या दारात एक स्टूल दिलं. तिथून बाई दिसत होत्या, खुर्चीत, मांडीवर पर्स. घामाने सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटले होते. बाईंच्या कपाळावर तेवढा घाम नव्हता, निदान तसं वाटलं.

दिग्दर्शक तरुण होता, नम्र होता. तालमीत बाईंनी वाक्यं सपाट म्हटली, नट लोक तालमीत राखून ठेवतात तशी. मग शांतता झाली, कॅमेरा सुरू झाला. मित्राचं काम करणाऱ्याने खोकं पुढे केलं. बाईंनी त्यातून दिवा काढून पर्सवर ठेवला आणि त्या बोलू लागल्या.

मी ते अनेकदा ऐकलं होतं. पण असं नाही. आवाज इतका साधा होता की मला माझी आई आठवली. ती असंच बोलते, मोठं काही सांगायचं असलं की भाजी निवडता निवडता. "...तरी मी लावत राहिले," बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

खोलीत कोणी हलेना. बाई दिव्याकडे बघत होत्या. बोटांनी त्याची वायर गुंडाळत होत्या, हळूहळू. त्यांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं. हे मी शपथेवर सांगेन, त्यांनी बघितलं नव्हतं. पण मी स्टुलावर पुढे सरकले. मला आमचा रंगमंच दिसत होता. गप्प झालेला नट दिसत होता. आता सगळ्यांना कळेल, बाई विसरल्या, काम जाईल, असं मला झालं, आणि मी बोलले.

"आता."

विंगेतला आवाज मला अगदी बेतून काढता येतो. पण तिथे पंखा नव्हता, फ्रिज नव्हता, काहीच नव्हतं. माझा शब्द खोलीभर ऐकू आला. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कॅमेऱ्यावरच्या माणसाने डोकं बाजूला काढलं. दिग्दर्शकाने डोळे मिटून घेतले. ध्वनीवाला माझ्याकडे असा बघत होता की मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि तेवढ्यात बाई बोलल्या. त्यांचे हात थरथरायला लागले होते. चेहरा गोंधळलेला, नजर इकडून तिकडे. "थँक यू, डिअर," त्या मला म्हणाल्या, आणि मग सगळ्यांना, "माफ करा हं. वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच बघा. बरं झालं ही होती."

खोलीतलं वातावरण एकदम मऊ झालं. कोणीतरी पाणी आणलं, कोणी कागदाने वारा घातला. दिग्दर्शक गुडघ्यावर बसून त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलला. माझ्याकडे आता सगळे कौतुकाने बघत होते. ध्वनीवाल्यानेही मला पाहून मान डोलावली. मी डोळे पुसले आणि मनात म्हटलं, वाचवलं बाईंना.

नंतरच्या टेकमध्ये त्यांनी बाईंना ते वाक्यच दिलं नाही. दिग्दर्शक आणि त्याच्याबरोबर काम करणारी एक बाई कोपऱ्यात कुजबुजली, आणि ठरलं की आई काही बोलणार नाही, नुसती दिवा घेऊन बसेल आणि मित्र बोलेल. बाईंनी मान हलवून "अर्थात, अर्थात" म्हटलं. दुसरा प्रसंग दुसऱ्या दिवशी व्हायचा होता. तो त्यांनी काढूनच टाकला.

टॅक्सीत मी बाईंचा हात हातात घेऊन म्हटलं, "वाईट वाटून घेऊ नका. होतं असं." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "फ्रिज लावला का त्यांनी परत?" मला वाटलं, बिचाऱ्या, विषय टाळताहेत.

आणि तरीही माझं समाधान झालं नव्हतं. त्या संध्याकाळी बाईंच्या लेकीचा फोन आला, कसं झालं विचारायला. मी तिला सगळं सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की हे आजचं नाही, बाई बरेच दिवस विसरताहेत, टेपच्या वेळी मीच शब्द देते, तुला काळजी नको म्हणून बोलले नाही. माझा आवाज काळजीने भरून आला होता. लेकीने कधीपासून, किती वेळा, असं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "तू सांगितलंस ते फार बरं केलंस." पुढच्या आठवड्यात तिने आईला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, वयाच्या मानाने सगळं ठीक आहे. पण लेकीने तोवर एजंटला कळवून टाकलं होतं. आणि शूटिंगवाल्यांकडून एजंटच्या कानावर आधीच गेलं होतं. प्रसंग यायचे बंद झाले.

तरी गुरुवारी मी जात राहिले. चहा व्हायचा. पाचसहा आठवड्यांनी एकदा चहा झाल्यावर बाई उठल्या, खुर्ची पांढऱ्या भिंतीकडे ओढली, आणि ती पर्स मांडीवर घेऊन बसल्या. मोबाइल लावला नाही. म्हणाल्या, "मित्राचं वाच."

मला कागद लागला नाही. मी मित्राचं वाक्य म्हटलं, कोरडं. बाई बोलल्या, लहानपणीचा अंधार, खोलीतला दिवा, कॉलेज, घर. "तरी मी लावत राहिले." आणि थांबल्या. हातात दिवा नव्हता, पण बोटं वायर गुंडाळत होती, तशीच, हळूहळू. माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या घशाशी शब्द आला होता, मी तो दाबून धरला. त्यांनी वायर पूर्ण गुंडाळली. तिचं टोक आत खोचलं. नसलेला दिवा पर्समध्ये ठेवला. पर्सची चेन लावली. आणि मग म्हणाल्या, "आता विझवला तरी चालेल."

मला तेव्हा कुठे कळलं. तोआ पायोहला त्या विसरल्या नव्हत्या. वायर गुंडाळून व्हायची होती, आणि मी मध्ये बोलले होते. एका माणसाने आयुष्यभराच्या कामातून कमावलेली एक शांतता मी चुकीची म्हणून दुरुस्त केली होती.

"बाई," मी म्हटलं, "मग तुम्ही विसरले असं का म्हणालात?"

"सगळे तुझ्याकडे बघत होते," त्या म्हणाल्या. "नटांचा एवढा एकच धर्म असतो. समोरचा चुकला की सावरून घ्यायचं. आणि कोणीतरी चुकलेलं असायलाच हवं होतं ना? म्हातारी विसरली म्हटलं की लोकांना लगेच पटतं." त्यांनी पर्सवरून हात फिरवला. त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. "सगळ्यांना पटलं. तुलासुद्धा."

मला रडू कोसळलं. त्या उठल्या नाहीत, समजूत काढायला आल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

त्याच रात्री मी खाली लॉबीत लेकीची वाट बघत बसले. ती आली, हातात लॅपटॉपची बॅग, चेहरा दमलेला. मी तिला अडवून सगळं सांगितलं. तो पॉज होता, त्या विसरल्या नव्हत्या, चूक माझी होती, त्यांनी माझ्यासाठी सोंग केलं. पुन्हा एजंटला कळव, दिग्दर्शकाला मी स्वतः लिहिते. बोलता बोलता माझं इंग्रजी कोलमडलं, मी हातवारे करून वायर कशी गुंडाळली ते दाखवत होते. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आई भाग्यवान आहे, तिला तुझ्यासारखी मैत्रीण मिळाली," ती म्हणाली. "पण तू तिला असं सावरून घ्यायची गरज नाही. मला माहीत आहे ती विसरते. तूच तर सांगितलंस."

लिफ्ट आली, आणि ती वर गेली.